आचाऱ्याला की आचार्याला?

मध्य प्रदेशातल्या बोरगावात लग्नपत्रिका छापणारं एक दुकान आहे. त्याच्या मागच्या खोलीत जुने कॉम्प्युटर दुरुस्त होतात. विंडोज 10चे नेहमीचे सुरक्षा-अपडेट 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबले, तेव्हापासून तिथं भंगारात काढलेल्या डब्यांची रांग लागलीय असं कळलं, म्हणून गेले.

दुकानदार एका डब्यावर विंडोजऐवजी डेबियन ही लिनक्स प्रणाली टाकत होता. पेनड्राइव्ह लावला, भाषा निवडली, डिस्क पुसली; तासाभरात मशीन पुन्हा सुरू केलं. काळ्या पडद्यावर ओळी धावू लागल्या. त्या लपवता येतात, पण यानं मुद्दाम उघड्या ठेवलेल्या. आधी कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, जागा होतो, मेमरी मोजतो, डिस्क आणि कीबोर्ड ओळखतो. मग तो सिस्टमडी नावाच्या प्रोग्रामला हाक मारतो आणि हा प्रोग्राम एकेक सेवा उठवतो. प्रत्येकीपुढे हिरवं ‘ओके’. मी बघतच राहिले.

“नऊ-दहा हप्त्यानं नवा कर्नल येते, ताई. दर खेपेले दोन हजार लोकं हात लावतात.”

दोन हजार! एका गावजेवणाची पंगतच. फक्त इथले बहुतेक वाढपी पगारी आहेत: इंटेल, गूगल, रेड हॅट अशा कंपन्यांचे. त्यामुळे फुकट राबणाऱ्या भाबड्यांची गोष्ट मला पटत नाही. पटते ती शिस्त. प्रत्येक बदलाखाली करणाऱ्याचं नाव, त्या भागाच्या मेंटेनरची तपासणी, आणि शेवटी लिनस टॉरवाल्ड्सचा होकार. बोरगावला रेमंडची गिरणी आली 1991 साली. त्याच वर्षीच्या 25 ऑगस्टला हेलसिंकीत शिकणाऱ्या टॉरवाल्ड्सनं या कर्नलचा उद्योग जाहीर केला होता.

मशीन उभं राहिलं की दुकानदार एकच परीक्षा घेतो. त्यानं टाइप केलं: आचाऱ्याला.

“हे ‘आचार्याला’ झालं, तं सैपाकाचा निरोप गुरुजीले जाईन!”

‘य’च्या डोक्यावर रफार नको, ‘य’च्या आधी ‘र’ची चंद्रकोर हवी. अक्षरांची ही जुळणी हार्फबझ नावाचा घटक फॉन्टच्या मदतीनं करतो. हे काम कर्नलबाहेरचं. त्या दोन हजारांत ते धरलेलंही नाही. हिंदीला ही चंद्रकोर लागत नाही. या मराठी गावाला लागते, आणि कुणीतरी कुठेतरी बसून ती घडवून ठेवलीय.

त्यानं चष्मा वर करून पडद्याजवळ डोळे नेले. चंद्रकोर नीट उमटली होती. पुढचा डबा ओढला.