परदेशात शिकवायला जाताय? मालक बदलता येईल का, हे निघण्याआधी बघा



डहाणू-घोलवडच्या चिकू बागायतदाराला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. ज्या व्यापाऱ्याकडून आधी उचल घेतली, माल त्यालाच घालावा लागतो, आणि भाव तो म्हणेल तो. शेजारी दुसरा व्यापारी जास्त भाव देत उभा असला तरी उपयोग नाही.

परदेशातली व्हिसावरची नोकरी बरीचशी अशीच असते. तुमचा बेत समजा असा आहे: बीएड झालंय, तीन-चार वर्षं दुबईत शिकवायचं, भांडवल जमवायचं आणि डहाणूत किंवा तलासरीत स्वतःचा क्लास नाहीतर बालवाडी काढायची. बेत चांगला आहे. पण तिथली शाळा पगार थकवू लागली तर? कबूल केलेल्या तासांपेक्षा दीडपट तास घ्यायला लावले तर? इथे माणूस राजीनामा देऊन घरी येतो. तिथे राहण्याचा परवानाच नोकरीला बांधलेला असतो.

आपल्याच मातीतला धडा

तलासरी तालुक्यातल्या झरी गावात मे 1945 मध्ये हजारो वारली जमले. गोदावरी परुळेकर आणि किसान सभा त्यांच्यासोबत होत्या. ठराव झाला: वेठ करायची नाही, रोजाला 12 आण्यांपेक्षा कमी घ्यायचे नाहीत. त्या काळी लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतले की माणूस 'लग्नगडी' व्हायचा. नवरा-बायको दोघंही त्याच मालकाकडे राबायची आणि कर्ज काही फिटायचं नाही.

दुबईतली मास्तरकी म्हणजे लग्नगडी नव्हे, हे उघड आहे. पण गाठ कशाने बसते ते ओळखा. आधी घेतलेलं कर्ज आणि एकच मालक, या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणूस अडकतो.

यूएईचा कायदा काय म्हणतो?

खासगी नोकऱ्यांसाठीचा तिथला नवा कामगार कायदा 2 फेब्रुवारी 2022 पासून लागू आहे. आपल्या कामाचे मुद्दे बघा:

1. प्रोबेशन जास्तीत जास्त 6 महिन्यांचं. त्या काळात यूएईतच दुसरीकडे जायचं असेल तर 1 महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते. तुम्हाला आणण्याचा खर्च जुना मालक नव्या मालकाकडून मागू शकतो.
2. प्रोबेशननंतर करारात लिहिलेली नोटीस, 30 ते 90 दिवसांची.
3. भरतीचा खर्च मालकाचा. तो तुमच्या पगारातून कापता येत नाही.
4. मालक तुमचा पासपोर्ट किंवा इतर कागद अडकवून ठेवू शकत नाही.
5. वर्ष पूर्ण झालं की ग्रॅच्युइटी मिळते. पहिली पाच वर्षं दर वर्षाला 21 दिवसांचा मूळ पगार.

पाचव्या मुद्द्यावर थांबा. समजा एकूण पगार 6,000 दिरहॅम आहे. मूळ पगार 4,000 असेल तर वर्षाला 2,800 मिळतील. मूळ 2,000 आणि बाकी भत्ते असतील तर फक्त 1,400. पगार तोच, भांडवल निम्मं! म्हणून ऑफर लेटरमध्ये एकूण आकडा नंतर वाचा, 'बेसिक' आधी वाचा.

देश बदलला की नियम बदलतो

कतारने 2020 मध्ये जुन्या मालकाच्या ना-हरकत दाखल्याची अट काढली. सौदीने मार्च 2021 पासून, करारावर एक वर्ष झाल्यावर, मालकाच्या संमतीशिवाय बदली करायची वाट खुली केली. ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसावर असाल तर नव्या शाळेकडे स्पॉन्सर म्हणून परवाना लागतो आणि नवी मंजुरी मिळाल्याशिवाय तिथे रुजू होता येत नाही. शेजारच्या गावचा कुणी म्हणाला 'चालतं रे', तर आधी विचारा: कुठल्या देशात आणि कुठल्या व्हिसावर?

निघण्याआधीची चार कामं

एक, एजंट तपासा. परदेशी नोकरीची भरती करणारा एजंट सरकारकडे नोंदलेला असायला हवा. ई-मायग्रेट पोर्टलवर नाव शोधा. नियमाने त्याला जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो. दोन-तीन लाख मागत असेल तर ती तुमची उचल झाली समजा. 'आधी टुरिस्ट व्हिसावर जा, मग बघू' म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

दोन, करारात तीन ओळी शोधा: नोटीस किती, मूळ पगार किती, मध्येच सोडल्यास काय. नोकरी सोडल्यावर स्पर्धक शाळेत जायचं नाही असं कलम असेल तर त्याची मुदत आणि गाव नीट वाचा.

तीन, पदवी राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि यूएई दूतावास, या क्रमाने साक्षांकित करून घ्या. शाळेला प्रत द्या, मूळ कागद स्वतःकडे ठेवा. दुसरी शाळा तोच कागद मागणार आहे.

चार, खेळतं भांडवल बाजूला ठेवा. समजा तिथला महिन्याचा खर्च 3,500 दिरहॅम आहे, तर 10,500 दिरहॅमला हात लावायचा नाही. हे तीन महिने हातात असतील तर वाईट शाळेला 'नाही' म्हणता येतं. नसतील तर कायदा कितीही चांगला असो, तुम्ही तिथेच राहणार.

बदलायचंच ठरलं तर

क्रम चुकवू नका. आधी नवी ऑफर लेखी, मग नोटीस, मग व्हिसाची बदली. दुबईत खासगी शाळांमधल्या शिक्षकाच्या नेमणुकीला केएचडीए या संस्थेची मान्यता लागते, तीही नव्या शाळेकडून करून घ्या. न सांगता निघून गेलात तर गैरहजेरीची तक्रार होऊन पुढचं वर्क परमिट अडकू शकतं. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा तिथे एप्रिलमध्ये सुरू होतात. दोन महिन्यांची नोटीस असेल तर ती जानेवारीतच द्या, मुलांचंही वर्ष मध्ये तुटत नाही.

आणि हो, शाळेनंतर घरी शिकवण्या घ्यायचा मोह होईल. परवान्याशिवाय घेऊ नका. डिसेंबर 2023 पासून यूएईत खासगी शिकवणीचा वेगळा परवाना मिळतो, दोन वर्षांचा आणि विनाशुल्क. तुमच्या भावी क्लासची ती पहिली तालीम समजा.

पगार थकला, कागद अडकवले, तर गप्प बसू नका. तिथल्या कामगार मंत्रालयाकडे तक्रार करा, आणि आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर नोंदवा.

आजचा गृहपाठ: ऑफर लेटर हातात असेल तर त्या तीन ओळी पेन्सिलने अधोरेखित करा. एखादी सापडली नाही तर शाळेला ईमेलने विचारा आणि उत्तर लेखी घ्या. उत्तर येईपर्यंत सही नाही आणि तिकीटही नाही.