टंचाई
(पडद्यावरचं व्यसन : लेखांक ४)

मागच्या आठवड्यात आपण 'द मॅन विथ द गोल्डन आर्म' (१९५५) पाहिला. फ्रँक सिनात्रा खोलीत कोंडून घेतो, तडफडतो आणि बाहेर येतो तो सुटूनच. त्या काळी एवढंही धाडसच होतं. हॉलिवूडच्या आचारसंहितेचा शिक्का त्या चित्रपटाला मिळाला नव्हता. पण 'मुक्तांगण' या व्यसनमुक्ती केंद्रात येणारे ज्याला 'टर्की' म्हणतात, ती नशा तोडल्यावरची तडफड सोसून झाली की व्यसन सुटलं, असं होत नाही.

जेरी शॅट्झबर्गच्या 'द पॅनिक इन नीडल पार्क'ला (१९७१) हे पक्कं ठाऊक आहे. मॅनहॅटनमध्ये ब्रॉडवे आणि ७२वा रस्ता मिळतात तिथला शर्मन स्क्वेअर म्हणजे त्या काळचं 'नीडल पार्क', सुईवाल्यांचा अड्डा. जेम्स मिल्स या पत्रकाराने १९६५ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकात तिथल्या हेरॉइनबाजांवर लिहिलं. छायाचित्रं बिल एप्रिजची होती. पुढे मिल्सचीच कादंबरी आली आणि तिच्यावरून जोन डिडियन आणि जॉन ग्रेगरी डन या नवराबायकोने पटकथा लिहिली.

नावातला 'पॅनिक' म्हणजे मालाची टंचाई. माल आटला की भाव चढतो, भेसळ वाढते आणि सुईवाले एकमेकांना धरून द्यायला लागतात. पोलिसांना हे गणित पाठ असतं. मला हा चित्रपट नशेपेक्षा बाजाराचा वाटतो. बॉबी (अल पचिनो, पहिलीच मुख्य भूमिका) आणि हेलन (किटी विन, कानमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्री) यांचा सगळा दिवस पैसा, माल आणि वाट पाहणं यातच जातो. आपण कधीमधी घेतो, अडकलेलो नाही, असं बॉबी सुरुवातीला सांगतो. हे वाक्य व्यसन्यांच्या घरच्यांनी किती वेळा ऐकलेलं असतं!

त्याच वर्षीच्या 'हरे रामा हरे कृष्णा'त चिलमीला गाणं होतं. इथे गाणं सोडाच, पार्श्वसंगीतही नाही. रस्त्यावरच्या गाड्या आणि माणसांची बडबड, बस्स. सुई शिरेत जाताना कॅमेरा जवळ जातो, पण नशेत त्या माणसाला काय दिसतं, ते दाखवायच्या फंदात पडत नाही.

एक प्रसंग मात्र मनातून जात नाही. दोघं गावाबाहेर जातात, कुत्र्याचं पिल्लू घेतात. आता सगळं नीट करायचं, असं ठरतं. परतताना फेरीबोटीवरच बॉबीला राहवत नाही. पुरुषांच्या स्वच्छतागृहात दोघं सुई घेतात. पिल्लू कुईंकुईं करतं म्हणून त्याला दाराबाहेर काढतात. हेलन बाहेर येते तेव्हा ते बोटीच्या कडेला पोचलेलं असतं. ती धावते, पण ते पाण्यात पडतं. दोघांपैकी कुणीही दुष्ट नाही. फक्त त्या दहा मिनिटांत पिल्लाला कुठे जागाच नव्हती.

पुढे टंचाईत हेलन बॉबीलाच पोलिसांच्या हाती देते. शेवटच्या दृश्यात तो तुरुंगातून सुटतो, ती दाराशी उभी असते. तो तिच्यावर संतापतो, पुढे निघतो, मग थांबून वळतो आणि एवढंच विचारतो, "काय मग?" दोघं बरोबर चालायला लागतात.