करंटची परतीची वाट

कोल्हापूरचं उद्यमनगर. शेजारच्या शेडमध्ये लेथ घरघरतंय. वायरमन मिस्त्रींच्या दारात पांढरी पद्मिनी मोटार उभी आहे.

"दाबा सर!" मिस्त्री मागून ओरडतात. स्टेअरिंगवरचे निवृत्त मास्तर ब्रेक दाबतात. उजवा ब्रेकलाइट नुसता मिणमिणतो आणि त्याच बाजूचे मागचे-पुढचे इंडिकेटरही, कुणी बटणाला हात लावलेला नसताना, अंधूक पेटतात.

"फ्लॅशर गेला असणार," मास्तर म्हणतात. नवा फ्लॅशर आणि बल्ब त्यांनी सोबतच आणलेत. मिस्त्री ती पुडी न सोडता टपावर ठेवतात.

"फ्लॅशर गेला तर इंडिकेटर लागायचा न्हाई. ह्यो तर न सांगता लागतोय. करंट येतोय, पर त्याला परत जायला वाट घावंना. मग शेजारच्या बल्बातनं घुसतोय."

बल्बकडे वायर येते ती एकच. बॅटरीच्या मायनसकडे परतायचं काम गाडीचा पत्राच करतो. पत्र्याची पकड सुटली की करंट दुसऱ्या बल्बांच्या तारेतून आडवाट काढतो.

मिस्त्री मीटर काढतात. बॅटरी 12.5 व्होल्ट दाखवते. ती ठणठणीत आहे. मग लांब वायरचा चिमटा बॅटरीच्या मायनसला लावून ते दुसरं टोक होल्डरच्या पत्र्यावर टेकवतात.

"दाबा."

मीटरवर 7.

"हितं शून्याच्या आसपास पायजे," ते हाताखालच्या पोराला दाखवतात. "बल्बाच्या वाटणीचं निम्मं हितंच अडकलंय."

स्क्रू सुटतात, दिवा बाहेर येतो. बसायच्या जागी तांबूस गंजाचं कडं. पोरगं पॉलिश पेपरनं घासू लागतं. "चकचकीत पत्रा दिसंस्तवर थांबू नगंस." मग दातेरी वॉशर, स्क्रू, वरून ग्रीसचा हात.

"दाबा!"

मीटर 0.04 वर. ब्रेकलाइट लालभडक, इंडिकेटर बंद.

मास्तर पाकीट काढतात. "कुठला पार्ट बदलला?"

"कुठलाच न्हाई. ती पुडी दुकानात परत करा." मिस्त्री मात्र चिमटा सोडत नाहीत, वायर डाव्या दिव्याकडे ओढतात. तो तर झकास पेटतोय, मास्तर सांगतात.

"पाऊस दोन्हीकडं सारखाच पडलाय की सर. दाबा."

मीटरवर 1.1. पोरगं न सांगता पॉलिश पेपर उचलतं.