भुयारातला संसार

भुयारात उतरायचे, राक्षस मारायचा, खजिना घेऊन वर यायचे, ही साहसकथेची जुनी वाट. रोजच्या जगण्यावर बेतलेली भुयारकथा दोन लढायांमधल्या वेळाकडे पाहते. माणसे तिथे खातात काय, झोपतात कुठे, ओले कपडे वाळवतात कसे, जखम झाली तर कोण बांधते? गेल्या दहा-बारा वर्षांत जपानी चित्रकथा आणि त्यांवरच्या मालिकांनी हा प्रकार जगभर नेला.

त्याचे बी मात्र लढाईच्या खेळातच होते. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आणला. मशाल किती वेळ जळेल, शिधा किती दिवस पुरेल, पाठीवर किती ओझे झेपेल, याचा हिशेब त्यात खेळाडूला ठेवावा लागे. १९८०च्या सुमारास आलेल्या ‘रोग’ या संगणकीय खेळात तर वेळेवर खाल्ले नाही तर नायक भुकेने मरे. पुढच्या अनेक खेळांनी हा हिशेब गाळून टाकला. नव्या कथांनी नेमका तोच उचलला.

र्‍योको कुई यांची ‘डन्जन मेशी’ ही या प्रकारातली सर्वांत भरीव कृती. २०१४ ते २०२३ या काळात क्रमशः आलेल्या या चित्रकथेचे १४ खंड झाले आणि २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर तिची मालिका आली. कथेचा नायक लायोस याच्या बहिणीला लाल ड्रॅगनने गिळले आहे. ती त्याच्या पोटात पचून जाण्याआधी तिला परत आणायचे आहे. पण सगळे सामान भुयारात राहिलेले आणि गाठीला पैसा नाही. तेव्हा वाटेत जो प्राणी सापडेल तो शिजवून खात खाली उतरायचे ठरते. पहिल्याच जेवणात विंचू आणि चालणारी अळंबी एका भांड्यात शिजतात. मार्सिल ही जादूगार आधी त्या अन्नाला हात लावायला तयार नसते. कुलपे आणि सापळे ओळखणारा चिलचक कुरकुरत का होईना जेवतो. सेन्शी हा बुटका बल्लवाचार्य वर्षानुवर्षे भुयारातच राहिलेला. मातीच्या चालत्या पुतळ्यांच्या पाठीवर तो भाजीपाला पिकवतो. त्याच्या लेखी भुयार म्हणजे राखायचे शेत आहे. एका थरातले प्राणी बेसुमार मारले तर दुसऱ्या थराचा तोल बिघडतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक आहे.

अशा कथांची ओढ इथूनच समजते. भुयाराच्या हद्दी ठरलेल्या असतात, त्यामुळे लेखकाला एक अख्खे जग लहान आकारात रचता येते: पाणी कुठून येते, कोण कोणाला खाते, उजेड किती आत पोचतो. त्या जगात टंचाई असते, म्हणून मूठभर मिठालाही मोल येते. भीतीही निराळ्या रीतीने कमी होते. नायकाने राक्षसाला ठार केल्याने ती तात्पुरती हटते. त्याचे मांस कुठे कोवळे आणि विष कुठे, हे कळल्यावर ती जवळजवळ उरतच नाही. वाचकाला मिळणारे समाधान एखादे काम नीट जमल्याचे असते. एका भांड्यातले चौघांनी वाटून खाल्ल्यावर त्यांच्यातली मैत्री वेगळी सांगावी लागत नाही.

मराठीत अद्भुताची परंपरा जुनी आहे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाला’पासून (१८६१) नाथमाधवांच्या ‘वीरधवल’पर्यंत अद्भुतरम्य कादंबऱ्यांनी वाचकांना झपाटले. पण एकंदर अशा कथांत भुयार येते ते बहुधा कोणाला कोंडण्यापुरते किंवा निसटण्यापुरते. तिथे चूल पेटत नाही. प्रत्यक्षात मात्र जमिनीखालचा, भिंतीआडचा संसार या मुलखाला चांगला परिचयाचा आहे.

मराठवाड्यात ज्वारी पेवात साठवत. पेव म्हणजे जमिनीत खोदलेले, तोंडाशी अरुंद आणि आत फुगीर कोठार. ते उघडल्याबरोबर आत उतरणे जिवावर बेतू शकते, कारण कोंडलेली हवा विषारी झालेली असते. तोंड उघडे ठेवायचे, वाफ निघू द्यायची, मगच माणूस उतरवायचा. धान्य, अंधार आणि मरण एका खड्ड्यात असतात आणि त्यातून वाट काढतो तो रोजचा सराव.

धाराशिव जिल्ह्यात नळदुर्गाच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांध आहे. तो दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३च्या सुमारास बांधला गेला. या बांधाच्या पोटातच पाणीमहाल आहे. पावसाळ्यात नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळते, तरी आतल्या दालनात बसून ते समोर पाहता येते. नदी अडवणाऱ्या भिंतीत बसायची जागा काढणे, ही कल्पना कोणत्याही अद्भुतकथेत शोभेल. 

धाराशिवच्या लेण्यांची तर स्वतःची अद्भुतकथाच आहे. साधारण अकराव्या शतकातल्या कनकामर मुनींच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात ती येते. करकंड राजा तेरापुराजवळ, म्हणजे आजच्या तेरजवळ, तळ देतो. डोंगरावर एक हत्ती रोज पाणी आणि कमळ आणून वारुळाची पूजा करतो, असे त्याला कळते. वारूळ खणल्यावर पार्श्वनाथांची मूर्ती निघते. पुढे त्याच डोंगरातल्या लेण्यात जुन्या मूर्तीच्या सिंहासनावर त्याला एक गाठ दिसते. ती शोभा बिघडवते, म्हणून तो म्हाताऱ्या कारागिराला विचारतो. कारागीर सांगतो, की लेणे कोरताना इथे पाण्याचा झरा फुटला होता आणि तो बुजवायला ही गाठ ठेवली आहे. राजा तरीही ती फोडायला लावतो आणि लेणे पाण्याने भरून जाते. नंतर तो वरच्या बाजूला नवी लेणी कोरवून घेतो.

हत्ती, वारूळ, दिव्य मूर्ती असा सगळा साज असूनही या प्रसंगाला कलाटणी मिळते ती झरा कुठे बुजवला आहे हे ठाऊक असलेल्या पाथरवटामुळे. सेन्शीला भुयाराची जशी माहिती आहे तशीच याला डोंगराची आहे, आणि राजाने ती ऐकली नाही म्हणून लेणे बुडते.