जळू, विंचू आणि उपचारांची कसोटी

बंगळूर शहरातून होसूरकडे जाणाऱ्या महामार्गावर बोम्मसंद्रा नावाची औद्योगिक वसाहत आहे. आनेकल तालुक्यातील या गावात कारखान्यांच्या शेजारीच हृदयविकारावरील उपचारांसाठी देशभर ओळखले जाणारे एक मोठे रुग्णालय उभे आहे. डॉ. देवी शेट्टी यांनी २००१ साली ‘नारायण हृदयालय’ या नावाने ते सुरू केले. अशा रुग्णालयात हृदयावरील शस्त्रक्रिया चालू असताना पुष्कळदा रुग्णाचे रक्त नळ्यांवाटे एका यंत्रात नेले जाते. तेथे त्यात प्राणवायू मिसळतो आणि ते पुन्हा शरीरात परतते.

शरीराबाहेर आलेले रक्त काही मिनिटांतच गोठू लागते, हा आपला नेहमीचा अनुभव आहे. यंत्रात ते गोठले, तर रुग्णाच्या जिवावरच बेतेल. म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त पातळ ठेवणारे हिपॅरिन हे औषध दिले जाते. रक्त गोठू न देण्याची ही विद्या माणसाला अलीकडे साध्य झाली. परंतु तळ्यातल्या चिखलात राहणाऱ्या एका क्षुद्र जीवाला ती फार पूर्वीपासून अवगत आहे. तो जीव म्हणजे जळू.

आजारी माणसाच्या अंगाला जळू लावणे हा उपचार ऐकताच अनेकांच्या अंगावर काटा येतो. कोणी त्याला अडाणीपणा म्हणतात, तर कोणी ‘जुने ते सोने’ म्हणून त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात. यांतील कोणते मत योग्य आहे? जळूचा इतिहास पाहिला, तर दोन्ही मते अपुरी असल्याचे दिसून येते.

सुश्रुतसंहितेतील जलौका

‘सुश्रुतसंहिता’ हा शल्यचिकित्सेवरील प्राचीन भारतीय ग्रंथ आहे. त्याच्या सूत्रस्थानातील तेरावा अध्याय जळवांना वाहिलेला आहे. शरीरातील दूषित रक्त बाहेर काढण्याच्या उपचाराला आयुर्वेदात ‘रक्तमोक्षण’ म्हणतात. बालक, वृद्ध, दुर्बल आणि भित्र्या रुग्णांसाठी जळू हे रक्त काढण्याचे सर्वांत सौम्य साधन आहे, असे या ग्रंथात सांगितले आहे.

या अध्यायात जळवांचे बारा प्रकार दिले आहेत. त्यांपैकी सहा विषारी व सहा बिनविषारी मानले आहेत. जळवा कोणत्या पाण्यातून आणाव्यात, घटात कशा ठेवाव्यात, त्यांचे पाणी केव्हा बदलावे, रक्त प्यायल्यानंतर त्यांना ते कसे ओकायला लावावे, एकदा वापरलेली जळू सात दिवस पुन्हा का लावू नये, हे सारे तपशील तेथे आढळतात. जुन्या वैद्यांचे निरीक्षण किती बारीक होते, याची यावरून कल्पना येते. महाराष्ट्रात गावोगाव फिरणारे वैदू तुंबडी लावून रक्त काढीत असत. तो उपचारही याच जातीचा होय.

अतिरेक आणि मोजदाद

युरोपातही जळू लावण्याची प्रथा जुनी होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समधील ब्रूसे या प्रसिद्ध डॉक्टरने बहुतेक आजारांचे मूळ दाहात आहे, असे प्रतिपादन केले. मग ज्वर असो वा पोटदुखी, रुग्णाला जळवा लावल्या जाऊ लागल्या. १८३३ या एका वर्षात फ्रान्सने चार कोटींहून अधिक जळवा परदेशांतून आणवल्या. रक्त गेल्यामुळे आधीच अशक्त झालेले रुग्ण अधिकच खंगत गेले.

त्याच काळात पॅरिसमधील पिएर लुई या डॉक्टरने एक साधी गोष्ट केली. त्याने रुग्णांची मोजदाद केली. फुप्फुसदाहाच्या ७७ रुग्णांची नोंद तपासून कोणाचे रक्त आजाराच्या सुरुवातीला काढले, कोणाचे उशिरा काढले आणि त्यांतील किती दगावले, हे त्याने पाहिले. ज्यांचे रक्त लवकर काढले होते, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक निघाले. मोठ्या डॉक्टरचा शब्द किंवा शेकडो वर्षांची रूढी यांपेक्षा मोजलेला पुरावा श्रेष्ठ असतो, हा विचार यातून पुढे आला. रक्त काढण्याचा उपचार हळूहळू मागे पडला.

लाळेतील रहस्य

कथा येथेच संपली असती, तर जळू निव्वळ भ्रम ठरली असती. परंतु १८८४ साली जॉन हेक्राफ्ट या शास्त्रज्ञाला आढळले, की जळूच्या शरीरातून स्रवणाऱ्या द्रवामुळे रक्त गोठत नाही. या द्रवातील गुणकारी घटकाला पुढे ‘हिरुडिन’ हे नाव मिळाले. १९२४ मध्ये जर्मनीत गेऑर्ग हास या डॉक्टरने यंत्राच्या साहाय्याने माणसाचे रक्त शुद्ध करण्याचा पहिला प्रयोग केला. तेव्हा रक्त गोठू नये म्हणून त्याने हिरुडिनच वापरले होते. हिपॅरिनचा वापर त्यानंतर रूढ झाला. हिरुडिनच्या नमुन्यावर प्रयोगशाळेत तयार केलेले बायव्हॅलिरुडिन हे औषध आज हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील अडथळा दूर करताना काही रुग्णांना दिले जाते.

प्रत्यक्ष जळूही रुग्णालयात परतली आहे. तुटलेले बोट किंवा कान पुन्हा जोडताना रक्त आणणाऱ्या धमन्या शिवता येतात. परंतु रक्त परत नेणाऱ्या अतिसूक्ष्म शिरा जोडणे नेहमीच शक्य होत नाही. त्यामुळे जोडलेल्या भागात रक्त साचते, तो निळा पडतो व सडण्याची भीती असते. तेथे जळू लावली, की ती साचलेले रक्त शोषते. ती गळून पडल्यावरही जखमेतून काही तास रक्त पाझरत राहते. तेवढ्या काही दिवसांत नव्या शिरा वाढतात. १९८५ साली अमेरिकेतील बॉस्टन शहरात एका पाच वर्षांच्या मुलाचा तुटलेला कान अशाच रीतीने वाचवण्यात आला. २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने अशा वापरासाठी जळवांना मान्यता दिली.

मात्र हा उपचार घरी करण्याजोगा नाही. जळूच्या आतड्यातील जिवाणूंमुळे जखम चिघळू शकते, तसेच रक्तस्राव वाढू शकतो. म्हणून एका रुग्णासाठी वापरलेली जळू दुसऱ्याला लावत नाहीत आणि सोबत जंतुनाशक औषधेही देतात.

विंचू उतरवणे

प्रत्येक जुना उपचार कसोटीला उतरतोच असे नाही. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने अनेक मुले दगावत असत. विंचू चावला, की प्रथम मांत्रिकाकडे धाव घेतली जाई. रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात काम करणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांच्या उशाशी बसून त्यांच्या लक्षणांची बारकाईने नोंद केली. या विषाचा आघात हृदयावर होतो आणि फुप्फुसांत पाणी साचून मृत्यू येतो, हे त्यांनी ओळखले. रक्तदाबावरील प्राझोसिन या स्वस्त गोळीचा त्यांनी यशस्वी उपयोग केला. पूर्वी अत्यवस्थ रुग्णांपैकी शंभरात सुमारे चाळीस दगावत. वेळेवर उपचार मिळाल्यास हे प्रमाण एकाच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री सन्मान मिळाला.

मग मंत्राने बरे झाल्याचे अनेक लोक कसे सांगत? बहुतेक विंचू फारसे विषारी नसतात आणि बहुतेक सापही बिनविषारी असतात. अशा दंशातून माणूस आपोआप बरा होतो आणि श्रेय मंत्राला मिळते. कावीळ उतरवण्याच्या माळेचेही तसेच आहे. काविळीचे अनेक रुग्ण काही आठवड्यांत विश्रांतीनेच बरे होतात. खऱ्या विषारी दंशात मात्र मंत्रात गेलेला वेळ प्राणघातक ठरतो. मेळघाटात तान्ह्या मुलांचे पोट फुगल्यास तापलेल्या विळ्याचे चटके देण्याची प्रथा आहे. तिच्यामुळे आजार तर बरा होत नाहीच, उलट बाळाला भाजण्याच्या जखमांची भर पडते.

पारख कशी करावी?

उपचार जुना आहे की नवा, देशी आहे की विदेशी, यावरून त्याची योग्यता ठरत नाही. त्याविषयी काही प्रश्न विचारणे आवश्यक असते. हा उपचार नेमक्या कोणत्या आजारावर आहे? तो न घेतलेल्या रुग्णांशी तुलना करून त्याची तपासणी झाली आहे काय? त्यापासून कोणता अपाय संभवतो? उपचार करणाऱ्याकडे मान्यताप्राप्त पदवी व नोंदणी आहे काय? ‘सर्व रोगांवर एकच औषध’ असे सांगणारा मनुष्य पहिल्याच प्रश्नाला अडखळतो.

कायद्यानेही नागरिकांना संरक्षण दिले आहे. चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींना आळा घालणारा केंद्राचा कायदा १९५४ सालचा आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या व्यक्तीला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र वा गंडेदोरे करणे हा गुन्हा आहे.

कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यावी; रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण बहुधा वाचत नाही. साप चावल्यास जखम कापू नये, विष तोंडाने शोषू नये, दोरीने घट्ट आवळू नये. दंश झालेला भाग स्थिर ठेवून, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे.