सर्व्हरमधील प्रोसेसरांची खरी गणती

शाळेतून संगणकावर भरलेली विद्यार्थ्यांची माहिती दूरच्या एका मोठ्या संगणकात साठविली जाते. अशा संगणकास डेटाबेस सर्व्हर म्हणतात. अनेक शाळांची मागणी एकाच वेळी पुरविण्याचे काम त्यातील प्रोसेसर करितात. ते किती आहेत, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. परंतु पडद्यावरील आकडा व खरी संख्या यांत पुष्कळदा अंतर असते.

हे अंतर समजण्यास द्विशिक्षकी शाळेचे उदाहरण घ्यावे. तेथे दोन शिक्षक चार वर्ग चालवितात. एका वर्गाची मुले पाटीवर लेखन करीत असता शिक्षक दुसऱ्या वर्गास पाठ देतो. वर्ग मोजून कोणी ‘येथे चार शिक्षक आहेत’ असे अनुमान काढिले, तर ते चुकेल. जोडवर्गामुळे शिक्षकाचा वेळ अधिक कारणी लागतो. पण एका शिक्षकाचे दोन होत नाहीत.

सर्व्हरमध्ये मोजणीच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली सॉकेट, म्हणजे मुख्य फलकावर चिप बसविण्याची जागा. दुसरी कोअर, म्हणजे चिपमधील प्रत्यक्ष काम करणारा भाग. पूर्वी एका चिपमध्ये एकच कोअर असे; 2001 साली आयबीएमच्या ‘पॉवर4’ चिपमध्ये दोन कोअर आले. तिसरी थ्रेड. 2002 साली इंटेलने ‘झिऑन’ प्रोसेसरात हायपर-थ्रेडिंगची सोय केली. तिच्या योगे एक कोअर दोन कामे हाती घेतो. एक अडले, की दुसरे पुढे सरकते. संगणकाच्या कार्यप्रणालीस मात्र तो दोन प्रोसेसरांसारखा भासतो.

समजा, सॉकेट 2, प्रत्येकात कोअर 8, प्रत्येक कोअरचे थ्रेड 2. पडद्यावर 32 दिसतील. खरे कोअर 16, आणि चिपा केवळ 2. ओरॅकल डेटाबेसमधील ‘सीपीयू काउंट’ हाही बहुधा 32 हाच आकडा दाखवितो. म्हणून मूळ संगणकासच विचारावे. लिनक्समध्ये ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा दिली असता तिन्ही आकडे निरनिराळ्या ओळींत मिळतात. विंडोजमध्ये टास्क मॅनेजरच्या कामगिरीच्या पानावर सॉकेट, कोअर व लॉजिकल प्रोसेसर पृथक् दिलेले असतात.

एका यंत्राचे भाग पाडून आभासी यंत्रे केली असतील, तर अधिक सावध राहावे. आभासी यंत्रास केवळ आपल्या वाट्याचे प्रोसेसर दिसतात. मूळ यंत्राची गणती मूळ यंत्रावरच करावी लागते.

या गणतीत पैशाचाही प्रश्न आहे. मायक्रोसॉफ्टच्या ‘एसक्यूएल सर्व्हर’ला 2012 च्या आवृत्तीपासून कोअरनिहाय परवान्याची पद्धत आहे. वरील यंत्रावर 16 ऐवजी 32 कोअर धरिले, तर खर्च दुप्पट होईल. उलट, 32 थ्रेड म्हणजे 32 कोअरांची शक्ती असे मानून कामाचा भार ठरविला, तर ऐन गर्दीच्या वेळी यंत्र अपुरे पडेल.

गुणाकार शिकविताना शिक्षकांनी हे उदाहरण वरच्या वर्गात अवश्य घ्यावे. 2 × 8 × 2 हे उत्तर मुले सहज काढितील. त्यातील कोणता अंक कशाची संख्या सांगतो, हे त्यांच्याकडून वदवून घेणे अधिक महत्त्वाचे होय.