शासनलेखनाची जुनी कसोटी आणि एआय एजंट

म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयाकडे तंजावर जिल्ह्यातील एका पंडिताकडून आलेली ताडपत्रावरील पोथी १९०५ मध्ये प्रकाशात आली. ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांनी ती कौटिल्याचे 'अर्थशास्त्र' असल्याचे ओळखले आणि १९०९ मध्ये मूळ संहिता प्रसिद्ध केली. करव्यवस्था व हेरखाते यांसाठी गाजलेल्या या ग्रंथात राजाची शासने, म्हणजे लेखी आदेश, कशी लिहावीत याला दुसऱ्या अधिकरणात एक स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. दूरच्या अधिकाऱ्यापुढे राजा नसतो, केवळ पत्र असते. पत्रात जे नाही ते विचारण्याची सोय त्याला नसते.

आज नेमक्या याच स्थितीत एक नवा वाचक आहे. 'एआय एजंट' म्हणून ओळखली जाणारी संगणकप्रणाली नुसते उत्तर देऊन थांबत नाही. ती नोंदी शोधते, हिशेब करते, अर्जही भरते. त्यासाठी तिला काही साधने जोडून दिलेली असतात. साधन आतून कसे चालते हे एजंटला सहसा दिसत नाही. त्याच्या हाती असते ते साधनाचे नाव, दोन-चार वाक्यांचे वर्णन आणि कोणती माहिती भरावयाची याची यादी. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुढे आलेल्या 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल'ने अशी साधने जोडण्याची एक सामाईक पद्धत दिली; वर्णन चांगले लिहिण्याची जबाबदारी मात्र लिहिणाऱ्यावरच राहिली.

एक उदाहरण घेऊ. समजा, शेतकरी 'अल्पभूधारक' आहे की नाही हे ठरविणारे एक साधन आहे आणि त्याच्या वर्णनात 'क्षेत्र भरावे' एवढेच लिहिले आहे. कर्नाटकातील पहाणीपत्रकात क्षेत्र एकर-गुंठ्यांत असते, महाराष्ट्राच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आरमध्ये. बेळगावकडील शेतकरी सांगतो, चार एकर दहा गुंठे. एजंट ४० गुंठ्यांचा एकर धरून ४.२५ हा आकडा भरतो. साधन तो हेक्टर समजते आणि दोन हेक्टरांची मर्यादा ओलांडली म्हणून त्यास अपात्र ठरविते. वस्तुतः त्याची जमीन सुमारे १.७२ हेक्टर आहे. येथे गणित चुकलेले नाही, आज्ञावलीही बिघडलेली नाही. 'क्षेत्र हेक्टरमध्ये, दशांशात. एकर-गुंठे असल्यास आधी रूपांतर करावे' हे एक वाक्य लिहावयाचे राहिले. कार्यालयात अनुभवी कारकून असता तर त्याने आकड्याकडे पाहूनच विचारले असते.

कौटिल्याने लेखाचे सहा गुण सांगितले आहेत : अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य आणि स्पष्टत्व. माधुर्य व औदार्य बाजूला ठेवले तरी उरलेले चार येथे जसेच्या तसे लागू पडतात. अर्थक्रम म्हणजे मुख्य गोष्ट आधी : साधन काय करते व केव्हा वापरावे हे पहिल्याच वाक्यात यावे. परिपूर्णतेची त्याची कल्पना विशेष उद्बोधक आहे. मजकूर कमी नको तसा जास्तही नको, आणि जोडीला कारण व दृष्टांत हवा. भरावयाच्या तारखेचा एक नमुना दिला, तर ०४/०७ म्हणजे ४ जुलै की ७ एप्रिल हा घोळ टळतो. संबंध म्हणजे पुढचे विधान मागच्याशी विसंगत नसणे. दोन साधनांची वर्णने एकमेकांशी जुळती असतील तर एजंट त्यांतले कोणतेही उचलेल. म्हणून 'याऐवजी ते केव्हा वापरावे' हेही लिहावे लागते.

स्पष्टत्व म्हणजे रूढ शब्दांचा वापर. आपल्या बहुभाषिक देशात हे वाटते तितके सोपे नाही. वर्णन इंग्रजीत आणि प्रश्न मराठीत, अशी गाठ नित्याचीच. विचारणारा 'उतारा' म्हणेल, 'सातबारा' म्हणेल किंवा 'पहाणी'. हे शब्द वर्णनात दिले तर योग्य साधन निवडले जाण्याची शक्यता वाढते. १ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटकाने शहराचे इंग्रजी नाव 'मायसोर'ऐवजी 'मैसूरु' असे केले. जुन्या नोंदींत पहिले रूप आहे. शिवाय म्हैसूर म्हणजे शहर, तालुका की जिल्हा, हेही साधनाने सांगावयास हवे.

त्याच अध्यायात शासनांचे प्रकारही वेगळे केले आहेत. माहिती कळविणारी प्रज्ञापना निराळी आणि आज्ञा निराळी. प्रस्तुत लेखकाच्या मते हा भेद सर्वांत महत्त्वाचा होय. अर्जाची स्थिती पाहणारे साधन दहा वेळा चालविले तरी बिघडत नाही. अर्ज दाखल करणारे दोनदा चालले तर दोन अर्ज होतात. दुसऱ्या प्रकारच्या वर्णनात परिणाम कायम राहतो काय आणि आधी नागरिकाची संमती घ्यावयाची काय, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. अर्थात केवळ लिहून भागत नाही. अशा कृतीला प्रणालीतही अटकाव हवा.

ही वर्णने बहुधा संगणक अभियंता लिहितो. ती तलाठ्याला किंवा योजनेचे काम प्रत्यक्ष पाहणाऱ्या लिपिकाला वाचावयास देणे आणि लोक विचारतात त्याच भाषेतील प्रश्न घालून पाहणे, हा तपासणीचा स्वस्त मार्ग आहे. नियम बदलला की वर्णनही बदलावे लागते. पीएम-किसान योजनेला फेब्रुवारी २०१९ मध्ये दोन हेक्टरांची मर्यादा होती. त्याच वर्षी मंत्रिमंडळाने ती उठविली. जुने वाक्य तसेच राहिलेल्या साधनाच्या भरवशावर एजंट तीन हेक्टरांच्या शेतकऱ्याला आजही नम्रपणे परत पाठवील.